उसण, पोक आणि काठी : कुंडलिकेकाठच्या वाकलेल्या कण्याचा इतिहास

पाठीचा मणका मोडायला माणूस पडावाच लागतो असे नाही. हाडे ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाचा मणका ओणवे होऊन कळशी उचलताना, अंथरुणावरून उठताना, खोकल्याची उबळ येताना किंवा साध्या शिंकेनेही पिचतो. आवाज होत नाही, सूज येत नाही, हातापायासारखे काही वेडेवाकडे दिसत नाही. पाठीत एकदम कळ येते, काही आठवडे राहते आणि हळूहळू ओसरते. पुष्कळदा तीही येत नाही. मणक्याची पुढची बाजू तेवढी दबते आणि विटेसारखा असलेला मणका पाचरीसारखा होतो. अशा दोन-चार पाचरी एकावर एक बसल्या की पाठीला बाक येतो, उंची घटते, बरगड्या कमरेच्या हाडाकडे सरकतात, पोटाला आणि फुप्फुसाला जागा कमी पडते. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांत दिसून आले की पिचलेल्या मणक्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश मणक्यांचे निदान होते; बाकीचे डॉक्टरांच्या नोंदीत येतच नाहीत. जिथे क्ष-किरण यंत्र गाठायला दिवस मोडावा लागे, तिथे हे प्रमाण त्याहून कमी असणार हे उघड आहे. म्हणून या दुखण्याचा माग शब्दांत, वस्तूंत, रिवाजांत आणि रोजच्या ताटात काढावा लागतो. दवाखान्याच्या वह्या त्याबद्दल फार थोडे सांगतात.

मराठी माणसाला या दुखण्याच्या पायऱ्या ठाऊक होत्या. त्या एकाच आजाराच्या असू शकतात हे ठाऊक नव्हते. पाठीत एकाएकी कळ आली की ‘उसण भरली’ किंवा ‘चमक निघाली’. पुढे पाठ कलू लागली की ‘कंबर वाकली’, ‘पोक आला’. शेवटी ‘काठी लागली’. उसण तरुणालाही भरते आणि ती बहुतेक वेळा स्नायूंचीच असते, त्यामुळे सत्तरीतल्या बाईच्या पाठीतली कळ म्हणजे मोडलेले हाड असेल अशी शंका कोणाला येत नसे. एका शब्दात दोन वेगळी दुखणी सामावली आणि त्यांतले गंभीर दुखणे लपून राहिले. कुबड हा शब्द लोक निराळा ठेवत. लहानपणी किंवा ऐन तरुणपणी पाठीला टोकदार उंचवटा आला, तर त्यामागे पुष्कळदा मणक्याचा क्षय असे. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्यांचे नाव त्या आजाराला चिकटले. क्षय तरुणाला गाठतो, पाय लुळे करतो, म्हणून वैद्यकाने त्याच्याकडे आधी पाहिले. म्हातारीचा पोक वयाच्या खात्यावर मांडला गेला.

हा माग इथे कुंडलिकेकाठी काढला आहे. रायगड जिल्ह्यातली अष्टमी कुंडलिका नदीच्या एका तीरावर आणि रोहा समोरच्या तीरावर. दोघांची मिळून एकच नगरपरिषद, तिचे नावही जोडनाव : रोहा अष्टमी. कुंडलिका सह्याद्रीत उगम पावते आणि रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. खाडीच्या भरतीवर मचवे आणि पडाव पूर्वी इथपर्यंत येत, खोऱ्यातला भात या बाजारात जमे आणि पाण्यावाटे मुंबईकडे जाई. भाताचा हा सगळा व्यवहार माणसांच्या पाठीवर आणि डोक्यावर चाले. शेतातून खळ्यात भारे, खळ्यातून घरी पाट्या, घरातून बाजारात गोणी, बाजारातून धक्क्यावर आणि फळीवरून मचव्यात. उत्तरेला पेणकडच्या मिठागरांत हीच वाहतूक मिठाच्या पाट्यांची होती. बाईच्या वाट्याला याखेरीज पाण्याचे हंडे, रानातली मोळी, उखळातले कांडण आणि जात्यावरचे दळण.

यांतले सर्वांत लांबलेले ओणवे काम म्हणजे लावणी. राब भाजून केलेल्या वाफ्यात रोप वाढते, ते उपटून त्याच्या मुठी बांधायच्या आणि चिखलात गुडघाभर उभे राहून चार-चार काड्या रोवत मागे सरकत जायचे. आषाढातल्या पावसात हे काम दिवसदिवस चाले. त्यासाठी कोकणाने इरले घडवले. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यात पाने बसवलेले हे पांघरूण डोक्यावरून पाठीवर उतरते आणि कमरेखाली संपते. ताठ उभ्या माणसाला ते अडचणीचे होते. वाकलेल्या माणसाच्या पाठीवर मात्र ते बरोबर बसते. वाकलेली पाठ हीच कामाची नेहमीची अवस्था धरून बेतलेली ही वस्तू आहे. कोकणातल्या कष्टाचा याहून बोलका पुरावा सापडणे कठीण. प्लास्टिकचे कागद आले आणि इरली आढ्याला टांगली गेली, पण लावणीतले वाकणे यंत्र पोचले नाही तिथे तसेच राहिले.

या कष्टाचा हाडांवर झालेला परिणाम दुहेरी आहे. हाड म्हणजे वाळलेले लाकूड नव्हे. ते जिवंत असते आणि सतत नवे होत असते. एक प्रकारच्या पेशी जुने हाड पोखरून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथे नवे भरतात. ज्या दिशेने भार पडतो त्या दिशेने हाड स्वतःला बळकट करते, हा सिद्धान्त जर्मन शल्यविशारद यूलियुस वोल्फ यांनी १८९२ च्या ग्रंथात मांडला. डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणाऱ्या, मुसळ उचलून आपटणाऱ्या मुलीच्या हाडांवर रोज असा भार पडत होता. साधारण तिशीपर्यंत हाडांची पुंजी वाढत जाते, आणि त्या वयापर्यंत भार हा हाडाचा मित्र असतो. पण भाराला जोड अन्नाची लागते. रिकाम्या पोटी केलेले कष्ट हाडात पुंजी साठवत नाहीत. पन्नाशीनंतर मणक्याच्या आतली जाळी विरळ झाली की तोच भार, विशेषतः पुढे वाकून उचललेला, मणक्याच्या पुढच्या कडेवर एकवटतो आणि ती कड दबते. विशीत ज्या हंड्याने कणा घडवला, सत्तरीत त्याच हंड्याने तो मोडू शकतो.

म्हणून ताटाचा इतिहास या विषयाच्या गाभ्याशी येतो. जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडात, खलाटीची जमीन भाताची आणि डोंगरउताराची वरकस जमीन नाचणी-वरीची. खोती गावांत कुळाने पिकवलेल्या भाताचा मोठा वाटा खोताकडे जाई. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाने नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ मध्ये संप पुकारला आणि शेतकऱ्यांनी सुमारे सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत, तो याच वाट्यावरून. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर. तोवर गरीब कुळाच्या घरी भात सणाचा किंवा सुगीनंतरच्या थोड्या दिवसांचा, आणि उरलेले वर्ष नाचणी, वरी व रानभाज्यांचे. पोटाला ते पुरत नसे. पण नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि सडलेल्या तांदळात दहाच्या आसपास. खाडीकाठी सुकटीची आणि काट्यासकट चावून खायच्या बारीक सुक्या मासळीची जोड होती. तिच्यातूनही कॅल्शियम मिळे. तीळ, शेवग्याचा पाला, टाकळा, चवळीची पाने ही तर परसातली आणि बांधावरची.

पुढे सरकारी दुकानातून तांदूळ-गहू मिळू लागला, उपासमार हटली, आणि ही फार मोठी गोष्ट घडली. मात्र त्याच काळात नाचणीची भाकरी गरिबीची खूण ठरून ताटातून मागे सरली. पावसाळ्याआधी वरकस भाजून पेरायला माणसे उरली नाहीत, कारण तरुण मुंबईला गेले होते. पांढरा भात, पांढरी भाकरी आणि चहातल्या चमचाभर दुधावर दोन पिढ्या वाढल्या. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीतच काळाचा बदल दिसतो. प्रौढांसाठी २०१० मध्ये रोज ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरेसे मानले होते. २०२० च्या शिफारशीत ते १००० झाले आणि पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी १२००.

हाडाची पुंजी जन्माआधीच साठू लागते, याचा महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्रातच हाती लागला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. ही मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्या हाडांची घनता मोजली. गर्भारपणात दूध, डाळी, पालेभाज्या असे कॅल्शियमयुक्त पदार्थ ज्या आयांच्या खाण्यात वारंवार होते, त्यांच्या मुलांची हाडे अधिक घन निघाली. हा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. याचा अर्थ असा की आज ऐंशीच्या घरात असलेल्या आजीचा कणा तिच्या आईच्या ताटापर्यंत मागे जातो. तिच्या पाठीत खोतीचा, रेशनिंगचा आणि युद्धकाळातल्या टंचाईचा काळ साठलेला असू शकतो. म्हातारपणी पाठ वाकली म्हणजे फक्त वय झाले, हे म्हणणे त्या सगळ्या वर्षांवर अन्याय करणारे आहे.

ऊन हा दुसरा धागा. त्याची गोष्ट नाशिकची आहे आणि आज ती जवळजवळ विस्मरणात गेली आहे. १९२१ आणि १९२२ मध्ये हचिसन या डॉक्टरने पटेल आणि शहा या सहकाऱ्यांसह नाशिक शहरातल्या मृदू हाडांच्या आजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा युरोपात मुडदूस हा गरिबांचा, कोंदट वस्तीचा आजार मानला जाई. नाशिकमध्ये उलटे चित्र दिसले. ज्यांच्या घरी दूधतूप होते पण बायका पडद्यात, माजघरात राहत, त्यांच्यात हा आजार आढळला. निकृष्ट अन्नावर पण उन्हात मजुरी करणाऱ्यांच्या घरी तो आढळला नाही. हाडे मऊ पडण्याचा हा आजार आणि हाडे विरळ होण्याचा अस्थिसुषिरता हा आजार एक नव्हेत. पहिल्यात हाडाचा सांगाडा असतो पण त्यात चुना नीट बसत नाही. दुसऱ्यात चुना बसलेला असतो पण हाडच कमी उरते. दोन्हींत ड जीवनसत्त्वाचा संबंध येतो, आणि म्हातारपणी एकाच माणसात दोन्ही असू शकतात. नाशिकच्या कामाने शंभर वर्षांपूर्वी सांगितले की भारतासारख्या उन्हाच्या देशातही ऊन अंगावर पडल्याखेरीज त्याचा उपयोग नाही. अष्टमीच्या शेतकरणीला त्या काळी उन्हाची वाण नव्हती. तिच्या सुनेची सून फ्लॅटमध्ये राहते आणि तिची म्हातारी सासू गुडघे दुखतात म्हणून जिना उतरत नाही, तेव्हा नाशिकचा तो माजघराचा प्रश्न नव्या घरात परत येतो.

मोडलेल्या हाडावरच्या उपचाराची परंपरा मात्र जुनी आणि समृद्ध आहे. सुश्रुतसंहितेत कांडभग्नाचे, म्हणजे हाड मोडण्याचे, बारा प्रकार आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार दिले आहेत. बांबूच्या आणि झाडांच्या सालींच्या पट्ट्या, ऋतुमानाप्रमाणे बंध बदलण्याचे दिवस, सगळे तपशीलवार आहे. पृष्ठवंशाच्या, म्हणजे कण्याच्या, भग्नासाठी फळीवर निजवून खुंट्यांनी अंग स्थिर ठेवण्याचे कपाटशयन सांगितले आहे. आणि वयाचा हिशेबही आहे : लहानपणी जे हाड एका महिन्यात जुळते, त्याला मध्यमवयात दुप्पट आणि म्हातारपणी तिप्पट काळ लागतो. प्रकृतीचे इतके बारीक निरीक्षण करणाऱ्या ग्रंथातही डोळ्यांपुढे आहे ते पडून, मार लागून मोडलेले हाड. न पडता पिचणारा मणका त्या वर्गीकरणात वेगळा काढलेला नाही. अस्थिक्षय आणि मांसक्षय ही धातूंच्या क्षयाची लक्षणे आयुर्वेदात स्वतंत्रपणे सांगितली आहेत. त्यांना मणक्याच्या मोडण्याशी जोडणारा दुवा क्ष-किरणांशिवाय दिसण्यासारखा नव्हता.

गावातला हाडवैद्य याच परंपरेचा लोकवारस. कुठे तो तालमीचा वस्ताद असे, कुठे शेतकरी, आणि विद्या बापाकडून लेकाकडे येई. आंबेहळद, रक्तबोळ, तुरटी यांचा लेप, बांबूच्या कामट्या, वर कापडाचा बंध. परसात कुंपणावर चढवलेली कांडवेल, जिला संस्कृतात अस्थिसंहार म्हणतात, ती वाटून लावत आणि पोटातही देत. तिचा हाड जुळण्यावर काय परिणाम होतो याचे प्रयोग बनारस हिंदू विद्यापीठात के. एन. उडुपा यांनी १९६० च्या दशकात केले. मनगट, खांदा, घोटा यांच्यासाठी चांगल्या हाडवैद्याचा हात लोकांना मोठा आधार होता. बंध घट्ट बसून रक्त थांबल्याने बोटे गेल्याची उदाहरणेही होती. म्हातारीच्या पाठीतल्या उसणीसाठी मात्र त्याला बोलावणे जात नसे. तिथे बोलावले जाई पायाळू माणसाला. जन्मताना ज्याचे पाय आधी आले, त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, ही समजूत महाराष्ट्रभर होती आणि अजून पुरती गेलेली नाही. हलका पाय लावण्याने फारसे बिघडत नसेल. पण उसण मोडण्यासाठी पाठीवर भार देणे, झटका देऊन अंग उचलणे, पुढे वाकवून पाठ ताणणे हे पिचलेल्या मणक्याला घातक आहे. या चालीने किती पाठी आणखी वाकल्या हे कधी कळणार नाही, कारण दोष कोणी पायाळूला दिला नाही आणि मणक्यालाही दिला नाही.

युरोपातही हे कोडे सावकाशच सुटले. लंडनच्या अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२० च्या दशकात म्हाताऱ्यांची हाडे हलकी आणि पातळ होतात आणि म्हणून खुबा मोडतो, हे नोंदवले. स्ट्रासबुर्गचे विकृतिशास्त्रज्ञ झां लोबस्टाइन यांनी १८३० च्या दशकात सच्छिद्र हाडासाठी ‘ऑस्टिओपोरोसिस’, म्हणजे अस्थिसुषिरता, हा शब्द रूढ केला. कारण सापडायला आणखी शतक लागले. बॉस्टनचे फुलर ऑलब्राइट आणि सहकारी यांनी १९४० च्या सुमारास पासष्ट वर्षांखालील ४२ रुग्णांची माहिती मांडली. त्यांतल्या ४० जणी पाळी गेलेल्या स्त्रिया होत्या. इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाड पोखरणाऱ्या पेशींना आवर घालते, तो आवर सुटला की पहिल्या काही वर्षांत हाड झपाट्याने झिजते, हे त्यातून स्पष्ट होत गेले. हाडांची घनता अचूक मोजणारे डेक्सा यंत्र १९८७ मध्ये वापरात आले, आणि १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तरुण निरोगी स्त्रियांच्या सरासरीपेक्षा अडीच प्रमाणित विचलने किंवा अधिक खाली असलेली घनता म्हणजे अस्थिसुषिरता, अशी व्याख्या केली. पोक हा आजार मोजता येण्याजोगा झाला तो तेव्हा.

भारतीय स्त्रीची पाळी पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा सरासरी काही वर्षे आधी जाते, आणि महाराष्ट्रात याला एक वेदनादायक पदर आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून करवली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले आणि त्यांत तिशी-चाळिशीतल्या पुष्कळ होत्या. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली असतील तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी आटते. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या या बायांच्या कण्याचा हिशेब पुढच्या वीस वर्षांत पुढे येईल. त्यांची हाडे आजच मोजायला हवीत.

हाडाइतकाच मोठा भाग स्नायूंचा, आणि त्यांच्याकडे वैद्यकाने आणखी उशिरा पाहिले. पन्नाशीनंतर स्नायूंचे वजन दरवर्षी थोडेथोडे घटते आणि ताकद त्याहून वेगाने घटते. अमेरिकी संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये मांस आणि उणीव या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून याला ‘सार्कोपेनिया’ असे नाव दिले. मराठीत स्नायुक्षय म्हणता येईल. कण्याच्या दोन्ही बाजूंनी मानेपासून कमरेपर्यंत उतरणारे स्नायूंचे दोर पाठ ताठ धरतात. ते बारीक झाले की पाठ पुढे कलते, कलल्याने मणक्यांच्या पुढच्या कडेवर भार वाढतो, मणका पिचतो; दुखते म्हणून माणूस पडून राहतो आणि पडून राहिल्याने स्नायू आणखी गळतात. पहिला मणका पिचल्यानंतरचे वर्ष सर्वांत जोखमीचे असते : एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत मणका पिचलेल्या सुमारे पाच स्त्रियांतल्या एकीचा वर्षभरात दुसरा मणका पिचला. ‘आता हिने काही करू नये, पडून राहावे’ हा घरातला प्रेमाचा सल्ला म्हणूनच फार काळ चालवू नये.

आशियाई देशांच्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या कसोट्या साध्या आहेत. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला बारा सेकंद किंवा अधिक लागणे, मुठीची पकड स्त्रीत १८ किलोच्या आणि पुरुषात २८ किलोच्या खाली असणे ही स्नायू घटल्याची खूण. जुन्या कोकणी घरात याहून कडक परीक्षा रोज होत असे. पाटावर बसून जेवायचे, जमिनीवर बसून निवडाटिपायचे, उकिडवे बसून चूल फुंकायची, आणि दर वेळी स्वतःचे सगळे वजन मांड्यांच्या बळावर वर उचलायचे. प्लास्टिकची खुर्ची आणि पाश्चात्त्य संडास दुखऱ्या गुडघ्यांना वरदान ठरले. त्यांच्यामुळे मांडीच्या स्नायूंचा हा नकळतचा व्यायाम मात्र घरातून गेला आणि त्याच्या जागी दुसरा कोणी सांगितला नाही.

व्यायामाची परंपरा महाराष्ट्रात भक्कम आहे, पण ती तरुण पुरुषाची. तालमीतले जोर, बैठका, जोडी फिरवणे म्हाताऱ्यांसाठी किंवा बायकांसाठी नव्हते. याला मोठा अपवाद औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचा. त्यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले, स्त्रियांनाही सांगितले आणि स्वतः म्हातारपणापर्यंत घातले. निरोगी कण्याला तो व्यायाम उत्तमच. ठिसूळ मणक्यांच्या बाबतीत मात्र त्यातली पुढे खोल वाकण्याची स्थिती टाळावी लागते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मेहरशीद सिनाकी यांनी १९८४ मध्ये अस्थिसुषिरता असलेल्या ५९ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत १६ टक्के जणींचे मणके नव्याने पिचले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्के जणींचे. गट लहान होते, तरी फरक दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता. पुढे २००२ मध्ये त्यांनीच दाखवले की दोन वर्षे पाठीचे स्नायू बळकट केलेल्या स्त्रियांत, व्यायाम थांबल्यावर आठ वर्षांनीही, पिचलेले मणके कमी होते. वयाची मर्यादा किती सैल आहे हे मारिया फियातारोने यांनी १९९० मध्ये दाखवले : नव्वदीतल्या दहा वृद्धांनी आठ आठवडे वजने उचलली आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

हा प्रश्न आज एवढा मोठा झाला कारण माणसे जगू लागली. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातले सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. बहुतेक बायका पोक येण्याच्या वयापर्यंत पोचतच नव्हत्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर शंभरांत जवळजवळ दहा माणसे साठीच्या पुढची होती. कोकणात हे प्रमाण डोळ्यांनाच दिसते, कारण कमावती माणसे आधी गिरण्यांसाठी आणि मग नोकऱ्यांसाठी मुंबईला गेली. रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते आणि १९९८ पासून ती अखंड धावते आहे. शेजारी धाटावला औद्योगिक वसाहत झाली, तरी कुंडलिकेच्या खोऱ्यातल्या वाड्यावाड्यांत दाराशी बसलेली दिसतात ती म्हातारी माणसे. पावसाळ्यात शेवाळलेले अंगण, ओटीची उंच पायरी आणि रात्री वीज गेलेली असताना बाहेरच्या संडासाकडे जायची वाट, या तीन ठिकाणी ती पडतात. मग खुबा मोडतो, आणि तेव्हा काढलेल्या क्ष-किरण चित्रात आधीच पिचून गेलेले मणके पहिल्यांदा दिसतात.

ते आधी दिसण्यासाठी यंत्रापेक्षा लक्ष अधिक लागते. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा अधिक घट झाली, भिंतीला पाठ आणि टाचा लावून उभे राहिल्यावर डोके भिंतीला टेकेनासे झाले, बरगडी आणि कमरेच्या हाडामध्ये दोन बोटेही मावेनाशी झाली, तर पाठीचे बाजूने काढलेले साधे चित्र पुरावा देते. दम्याच्या किंवा सांध्यांच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. ते हाड आणि स्नायू दोन्ही खाते, म्हणून अशा पुडीची चौकशी हवीच. आहारात दर किलो वजनामागे सुमारे एक ग्रॅम प्रथिने म्हाताऱ्यांसाठी सुचवली जातात. पन्नास किलोच्या आजीला पन्नास ग्रॅम, आणि भात-आमटीच्या एका वाटीत त्याचा छोटा हिस्साच असतो. अंडे, मासळी, दूध, उसळ यांतून बाकीचे यावे लागते.

औषधेही आता आहेत. हाड पोखरणे थोपवणारे अलेंड्रोनेट १९९५ पासून, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रोनेट २००७ पासून, नवे हाड बांधणारे टेरिपॅराटाइड २००२ पासून, आणि सहा महिन्यांतून एकदा टोचायचे डेनोसुमॅब २०१० पासून वापरात आले. मणक्यात सिमेंट भरण्याची पद्धत फ्रान्समध्ये १९८४ मध्ये सुरू झाली आणि फार पसरली. २००९ मध्ये लटक्या शस्त्रक्रियेशी तुलना करणाऱ्या दोन चाचण्यांत तिचा वेगळा फायदा दिसला नाही, तेव्हापासून ती निवडक रुग्णांपुरती राखून ठेवण्याकडे कल आहे. डेनोसुमॅबच्या बाबतीत एक गोष्ट कोकणातल्या घरांनी विशेष जपायला हवी. त्याची मात्रा चुकली की थोपवलेले पोखरणे उसळी घेते आणि थोड्या महिन्यांत एकापाठोपाठ अनेक मणके पिचू शकतात. आजी गणपतीला अष्टमीत असते, दिवाळीनंतर थोरल्या लेकाकडे ठाण्याला जाते, उन्हाळ्यात धाकट्याकडे, आणि औषधाचा कागद यांपैकी एका घरात राहून जातो. तो कागद तिच्या पिशवीत, काठीबरोबर, प्रत्येक घरी जायला हवा.